अक्काची ज्वारीची बिस्किटं

फोन आला तेव्हा माझ्यासमोर अकरावीच्या भूगोलाच्या चार उत्तरपत्रिका उरल्या होत्या. एप्रिलमधली सकाळ, जेमतेम साडेदहा वाजलेले. पण जळगावात त्या वेळेलाच स्टाफरूमच्या खिडकीचे गज हात लावू देत नाहीत. धुळ्याहून माझी बायको, मनीषा, बोलत होती. "अक्का गेल्या," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "बरं." मग म्हणालो, "निघतो." आणि खुर्चीवरून न उठता त्या चारही उत्तरपत्रिका तपासल्या, गुणांची बेरीज दोनदा पडताळली, गठ्ठ्याला दोरी बांधली आणि तो पर्यवेक्षक सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी विचारलं, "आज लवकर?" मी सांगितलं, "बहीण वारली." ते ताडकन उभे राहिले. त्यांनी उभं का राहावं, हेच मला क्षणभर कळेना... त्या दिवसातलं सगळ्यात स्पष्ट काय आठवतं म्हणाल, तर एका मुलानं नकाशात तापी नदी बंगालच्या उपसागराला नेऊन मिळवली होती, आणि मी त्याचे दोन गुण कापले होते.

आता सहा आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, येईल. मी वाट पाहत नाही, पण नाकारतही नाही. सकाळी उठतो, पाणी भरतो, मुलीची वेणी घालतो. अक्काविषयी कुणी विचारलं की सगळं नीट सांगतो, जणू शेजारच्या गल्लीतल्या कुणाचं सांगतोय.

अक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. पारोळ्याजवळचं आमचं गाव. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली ती कायमची. आई सतत आजारी, त्यामुळे मला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत नेऊन बसवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. पुढे गावात अंगणवाडी आली आणि अक्का सेविका झाली. तीस वर्षं तिनं गावातल्या पोरांची वजनं केली. तुळईला टांगलेला काटा, त्याला कापडी झोळी, झोळीत पाय झाडणारं पोर, आणि खाली वही घेऊन अक्का. ज्याचं वजन घटलं त्याच्या घरी ती त्याच संध्याकाळी जायची. गावातल्या बायका तिला थोड्या घाबरून असत. पोराच्या हातात दुकानातला बिस्किटाचा पुडा दिसला की अक्का तो काढून घेई, मागे काय लिहिलंय ते चष्मा लावून मोठ्यानं वाचे, मैदा, साखर, तेल, आणि पुडा त्या आईच्याच हातात परत देऊन म्हणे, "आते तूच खाय." दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा तिनं काम थांबवलं.

आमची जुई उशिरा झालेली. ती साडेचार वर्षांची असताना मनीषाची बँकेतून धुळ्याला बदली झाली. रोज जाणं-येणं काही दिवस करून पाहिलं, मग तिनं तिथेच खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायची. जुई रडली वगैरे नाही. तिनं फक्त सकाळचं खाणं बंद केलं. रोज सकाळी मनीषा तिला मांडीवर घेऊन भरवायची. ती मांडी गेली, तसं खाणं गेलं. मी पोहे केले, उपमा केला, दूध-पोळी केली. ती तोंड घट्ट मिटून बसायची आणि सात वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या रिक्षात उपाशीपोटी चढायची. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा शाळेतून फोन आला: प्रार्थनेला उभी असताना मुलगी खाली बसली, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणते. मी संध्याकाळी अक्काला फोन केला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून नुसतं म्हटलं, "अक्का, जुई खात नाही." ती म्हणाली, "वजन किती शे?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एक पिशवी घेऊन दारात उभी होती.

पहिले दोन महिने अक्का हरली. नागलीची खीर, थालीपीठ, दाण्याचा लाडू, कळण्याच्या भाकरीचा तूप-गूळ घालून मलिदा... गावातली हट्टी हट्टी पोरं ज्या युक्त्यांनी वळली, त्यातली एकही आमच्या पोरीवर चालली नाही. अक्का ओरडली नाही, आमिष दाखवलं नाही. ताट पुढे ठेवायची, पाच मिनिटं बसायची, उचलून न्यायची. एके दिवशी जुईनं तिला माझ्या मोबाईलमधला एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा परदेशी स्वयंपाकघरात एक आई आणि मुलगी न्याहारीसाठी गोल गोल कुकीज करत होत्या. जुई म्हणाली, "मला हे पाहिजे. पण ते पण पाहिजे." "ते म्हणजे?" अक्कानं विचारलं. जुईनं पडद्यावर बोट ठेवलं. ती मुलगी ओट्यावर बसलेली होती, आईच्या शेजारी, दोघींचे हात एकाच भांड्यात.

अक्कानं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. "बिस्कीटच शे ना ते," म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला. मला वाटलं, संपलं. जिनं तीस वर्षं बिस्किटांशी वैर केलं ती काय करणार! शनिवारी मनीषा आली की अक्का नेहमी गावी जायची, घर झाडायचंय म्हणून. तशी ती त्या शनिवारीही गेली, पुढच्या शनिवारीही गेली. मग सप्टेंबरातल्या एका सोमवारी ती परतली ती जड पिशवी घेऊन. पिशवीत जाड बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं, चाळून धुऊन वाळवलेली वाळू, आणि घरून दळून आणलेलं ज्वारीचं पीठ.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा जुई ओट्यावर बसलेली होती. कोपरापर्यंत केळं. हातगाडीवरून मी आणलेली, सालीवर काळे डाग पडलेली, आता फेकावीच लागणार असं मला वाटलेली केळी अक्कानं तिच्यापुढे ठेवली होती आणि म्हटलं होतं, "चेंद." आमच्या घरात इतके दिवस त्या पोरीला कुणी काही चेंदायला दिलं नव्हतं. त्यात बिया काढलेला खजूर, मूठभर दाण्याचा जाडसर कूट, तीळ, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ, आणि मग थोडं थोडं भाजलेलं ज्वारीचं पीठ. साखर नाही, मैदा नाही. पातेल्यात वाळू तापत होती, तिच्यावर कुकरची जाळी. जुईनं एकेक गोळा ताटलीवर ठेवून त्यावर अंगठा दाबला. चपटं, वाकडंतिकडं, प्रत्येकावर तिचा अंगठा. "हे पप्पांचं, हे मम्मीचं," ती वाटणी करायला लागली. अक्का म्हणाली, "तसं नाही. जो करी, तोच खाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुईनं दोन बिस्किटं खाल्ली. आरडाओरडा नाही, कौतुक नाही. रिक्षाचा हॉर्न वाजला तेव्हा तिच्या तोंडात दुसऱ्याचा शेवटचा घास होता. मी दारातून आत वळलो, तर अक्का मोरीकडे तोंड करून उभी होती आणि खूप वेळ एकच वाटी धूत होती.

तिथून मग आठवड्यातून दोनदा बिस्किटं होऊ लागली. अक्का आणि जुईची एक भाषाच झाली. अक्का अर्धं अहिराणी बोलायची, अर्धं आमचं शहरी मराठी; जुईच्या तोंडीही 'सगळं'च्या जागी 'बठ्ठं' आणि 'आहे'च्या जागी 'शे' आलं. आत्या म्हणता म्हणता ती मधेच 'फुई' म्हणायला लागली, गावात म्हणतात तसं. मनीषाला सुरुवातीला हे जड गेलं. एका शनिवारी, अक्का गावी निघायच्या आधी, ती मला म्हणाली, "माझ्याशिवाय खाते आता." आनंदानं म्हणाली, पण मग बिस्किटांचा डबा दोनदा उघडून बंद केला. अक्कानं ते ऐकलं असावं. कारण पुढच्या शनिवारी गावी निघताना तिनं पीठ भाजून, दाणे कुटून, सगळं मोजून डब्यांत भरून ठेवलं आणि मनीषाला म्हणाली, "मला आज जमणार नाही. तुम्ही दोघी करा. पोरीला माहीत आहे सगळं." तेव्हापासून रविवारची बिस्किटं मनीषाची झाली.

दिवाळीआधी अक्कानं मला वजनकाटा आणायला लावला, जमिनीवर ठेवायचा, आकडे उजळणारा. दर महिन्याच्या एक तारखेला जुई त्यावर उभी राहायची आणि अक्का कॅलेंडरच्या मागे आकडा लिहायची. चौदा किलोंची पोरगी पंधराला आली, मग सोळाच्या जवळ. जुईला वजनाचा नादच लागला. बाहुली, दप्तर, केळ्यांची फणी, सगळं त्या काट्यावर. मग ती अक्काला ओढायची, "आता तू." अक्का म्हणायची, "मोठ्या माणसांचं वजन कोणी लिहीत नाही." पण उभी राहायची. जुईला तेव्हा आकडे ओळखता येत, जोडून संख्या वाचता येत नसे. ती म्हणे, "चार आणि नऊ." पुढच्या महिन्यात, "चार आणि सहा."

जानेवारीच्या एक तारखेला मी मोबाईलमध्ये काहीतरी पाहत बसलो होतो. जुई आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "पप्पा, आत्या कमी होतेय." मी म्हणालो, "हो का? शहाणी गं माझी." आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मनीषालाही नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय... लिहितानाही काही वाटत नाही, एवढंच कळतं की हे लिहायला हवं.

आणि दिसत नव्हतं असं नाही. अक्का दुपारी ब्लाउजच्या शिवणी आत घेत बसलेली मी पाहिली होती. मी म्हणालो, "नवीन शिवून घे ना." ती म्हणाली, "कापड चांगलं शे अजून." बिस्किटातला कणभर तुकडा मोडून ती तोंडात ठेवायची आणि बराच वेळ तसाच धरायची, हेही मी पाहिलं होतं. जुईचं ताट रोज रिकामं होत होतं, आणि माझं लक्ष सगळं त्या ताटावर. जिनं ते रिकामं करून दाखवलं, तिच्या ताटाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पाहिलं ते मनीषानं. जानेवारीतल्या एका शनिवारी अक्का गावी गेली नाही, थकवा आहे म्हणाली. रविवारी सकाळी ती पीठ भाजत होती आणि मनीषा शेजारी उभी होती. उलथनं फिरवताना अक्काच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या आणि परत खाली मनगटावर येत होत्या. मनीषानं गॅस बंद केला. "अक्का, तुमचं पोट दुखतं का?" अक्कानं उलथनं खाली ठेवलं. मनीषा तिला दुसऱ्याच दिवशी आपल्याबरोबर धुळ्याला घेऊन गेली, रजा टाकली, तपासण्या केल्या. पोटाचा कर्करोग होता आणि तो पसरला होता. अहवालाच्या दिवशी मीही धुळ्याला गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, एवढे महिने काय करत होतात? मी अक्काकडे पाहिलं, अक्का भिंतीकडे.

बाहेर बाकावर बसल्यावर मी तिला विचारलं, "तुला कळलं नव्हतं का?"

"कळत होतं, भाऊ," ती म्हणाली. "तीस वर्षं वजनं केली मी." थोडा वेळ ती कुठल्याशा पेशंटच्या पोराकडे बघत राहिली. ते बाकाखाली रांगत होतं. मग म्हणाली, "पोर आत्ता कुठे खायला लागली होती."

 रागवावं तर कुणावर, हे आजही कळत नाही. ती एकाही वहीत नाव नसलेल्या माणसासारखी राहिली आणि मी तिला तशी राहू दिली.

पुढचे तीन महिने अक्का धुळ्याला मनीषाच्या खोलीवर होती. दोघींचं इतकं जमेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मनीषा बँकेत जाण्याआधी तिला आंघोळ घालायची, दुपारी सुट्टीत येऊन पेज भरवायची. शेवटी शेवटी दवाखान्यात हलवावं लागलं. मी आणि जुई दर शनिवारी जायचो. जळगावला आता न्याहारीला टोस्ट असायचे. जुई ते मुकाट्यानं खायची, जणू तिनं कुणाला तसं वचन दिलं होतं. शेवटच्या भेटीत मनीषा जुईला घेऊन खाली चहाला गेली होती. अक्काचा आवाज अगदी बारीक झाला होता. ती म्हणाली, "भाऊ, लिखी ले. वाटीभर पीठ, दोन केळं..." माझ्या खिशात पेन होतं. मी म्हणालो, "लिहायचं कशाला? तूच येऊन कर." तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "पोरीले येस." म्हणजे, पोरीला येतं. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी तो फोन आला.

गावी सगळं रीतसर झालं. मी अग्नी दिला. अंगणवाडीतून गेलेली, आता स्वतः आई-बाप झालेली माणसं आली होती. एकेक जण येऊन मला आपलं नाव सांगत होता, आणि मी मान हलवत होतो. जुईला मनीषानंच जवळ घेऊन सांगितलं. मी त्या वेळी मांडववाल्याशी बोलत होतो. बोलण्यासारखं काही नव्हतं त्याच्याशी, पण बोलत होतो.

पाचव्या आठवड्यात मी एकटाच गावी गेलो, तिचं घर आवरायला. दोन खोल्या, चारच भांडी, दोरीवर घडी घातलेलं लुगडं. मी कपाट रिकामं करत होतो तेव्हा शेजारच्या इंदूबाई आल्या आणि दारातच बसल्या. थोडं रडल्या, मग डोळे पुसून चुलीजवळच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून हसल्या. तिथे एक जुनं पातेलं पडलं होतं, बूड जळून काळं झालेलं, एका ठिकाणी भोक पडलेलं. त्या म्हणाल्या, "बठ्ठा जयेल बिस्किटं आम्हीच खादात, भाऊ." जळलेली सगळी बिस्किटं यांनी खाल्ली, म्हणजे काय, ते मला समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. मागच्या वर्षी श्रावणापासून अक्का दर शनिवारी यायची ती थेट चुलीपाशी बसायची. इंदूबाईंच्या सुनेच्या मोबाईलवर बघून बघून ती बिस्किटं करायची. कधी दगडासारखी व्हायची, कधी आतून कच्ची, कधी नुसता कोळसा. ती फेकू द्यायची नाही, अन्न आहे म्हणून. शेजारीपाजारी दुधात बुडवून खायचे आणि हसायचे. इंदूबाईंनी एकदा विचारलं, अहो अक्का, या वयात हा काय खेळ? तर अक्का म्हणाली, तिथे पोरीसमोर एकदा बिघडलं तर ती पुन्हा खायची नाही. एकदाच संधी आहे.

मी ते पातेलं हातात घेऊन बघितलं. साठीची बाई, दुखरे गुडघे, चूल... मला तेव्हाही काही झालं नाही. पातेलं खाली ठेवलं, कुलूप लावलं, पारोळ्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघत उभा राहिलो. एक गाडी आली, थांबली, गेली. मी चढायचं विसरलो होतो.

परवा रविवारी मनीषाला हिशेबाच्या कामामुळे धुळ्यालाच थांबावं लागलं. सकाळी जुई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "पप्पा, आज तू कर. मी सांगते." मी तिला उचलून ओट्यावर बसवलं. तिनं खरोखरच सगळं सांगितलं. पीठ किती भाजायचं, तर भाकरीसारखा वास येईपर्यंत. केळी कुठली घ्यायची, तर जी आपण फेकणार असतो ती. मी पिठाची वाटी उपडी करायला लागलो तशी ओरडली, "बठ्ठं नको टाकू!" मी केळं चेंदलं, तिनं गोळे केले, अंगठे दाबले. वाळू तापली, ताटली आत गेली, झाकण बसलं. आम्ही दोघं खाली फरशीवर बसून राहिलो. घरभर वास सुटला. वेळ झाली तेव्हा ती उठली, ओट्यापासून मागे मागे फरश्या मोजत गेली आणि चौथ्या फरशीवर उभी राहिली. झाकण काढताना अक्का तिला तिथे उभी करायची, हे मला माहीतच नव्हतं.

तिथून तिनं विचारलं, "पप्पा, आत्या आता कधीच येणार नाही ना?"

ग्रामपंचायतीत, बँकेत, कॉलेजात, फोनवर, मी किती जणांना किती तऱ्हेनं ते सांगितलं होतं. हिला एकदाही नाही.

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "फडक्यानं धर. तोंड बाजूला घे, वाफ येते."

मी फडकं घेतलं आणि झाकण उचललं. तोंड बाजूला घ्यायचं राहिलं. वाफ सगळी चष्म्यावर आली. मी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, तरी दिसेना. पुन्हा काढून पुसला. मागून जुई विचारत होती, "झाली का? पप्पा, सांग ना, झाली का?"